चालायची राहिलेली आई

दोन हजार चार सालची गोष्ट. त्या वर्षी माणसं सिनेमाला जायची अजून पुरती थांबली नव्हती, पण सिनेमाच माणसांच्या घरी यायला लागला होता. पातळ पिशवीत घातलेली सीडी, तिच्यावर धुरकट छापलेलं चित्र, आणि बाजाराच्या तोंडाशी मोठी छत्री उघडून बसलेला विक्रेता. काल थिएटरला लागलेला सिनेमा आज त्याच्या छत्रीखाली मिळायचा; कधी कधी तर उद्या लागणारासुद्धा.

पाऊलमावशीचं या छत्रीशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं काम अंधाऱ्या खोलीतलं. सिनेमातली माणसं चालतात, दारं लोटतात, कप खाली ठेवतात, कुशीवर वळतात, त्यांचे आवाज ती मागाहून करून द्यायची. बघणाऱ्याला वाटतं, नट चालला म्हणजे त्याचं पाऊल वाजलंच. तसं नसतं. लहान सिनेमांत तर नसतंच. त्यांचा भाड्याचा कॅमेरा शिलाई मशीनसारखा कडकडायचा; त्या आवाजात मुंगी सोडा, हत्ती चालला तरी ऐकू आला नसता. म्हणून नंतर स्टुडिओत पडद्यावर चित्र लावायचं आणि मावशीने माइकसमोर उभं राहून नटाच्या पावलावर पाऊल टाकायचं. इतरांसाठी हा नुसता वाक्प्रचार होता, मावशीचं त्यावर घर चालायचं.

खोलीच्या जमिनीत लहान लहान चौकोन केले होते. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात जुन्या लाकडी फळ्या. कोपऱ्यात एक ट्रंक, तिच्यात जगातल्या सगळ्या तऱ्हेच्या माणसांचे बूट, चपला आणि सपाता. मावशी पन्नाशीची, अंगाने भरलेली, पण सतरा वर्षांची पोरगी जिना उतरते तेव्हा कशी उतरते ते तिच्या पायांना ठाऊक होतं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसायचा. गाता गळा नसला तरी कान तयार, म्हणून सगळे त्याला कानसेनच म्हणायचे. कुणी स्टुडिओत डोकावलं की तो सांगायचा, "आत जाऊ नका. मावशी सकाळपासून दोनदा घर सोडून पळाल्यात, एकदा फौजेत भरती झाल्यात, आणि आता दारू पिऊन घरी येतायत."

त्या वर्षी एका लहान सिनेमाचं काम आलं. दिग्दर्शक मावशीला भाचा शोभेल अशा वयाचा, दारातून वाकून आत येणारा. त्याचं नाव लांबूच पडलं. लांबूने सहा वर्षं ह्या एका सिनेमामागे घालवली होती. गोष्ट इतकीशी: एक मुलगा आहे, त्याची म्हातारी आई त्याच्याच घरात राहते. तो कामावरून येतो, जेवतो, झोपतो. आई या खोलीतून त्या खोलीत फिरते, मागे राहिलेले दिवे मालवते, दोन शब्द बोलते. मुलगा वाईट नाही. फक्त तो मान वर करत नाही. बस्स. मारामारी नाही, गाणं नाही, शेवटी कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही.

मावशीला सिनेमा पहिल्याच दिवशी आवडला आणि म्हणूनच काम अडलं. तिची एक रीत होती. आधी दारं आणि भांडी, मग कपड्यांची सळसळ, मग आल्यागेल्याची पावलं, आणि ज्याचा सिनेमा आहे त्याची पावलं सगळ्यात शेवटी. तोवर त्या माणसाला आपल्या अंगात भिनू द्यायचं. या खेपेला आई भिनत नव्हती. मावशी सपाता घालून चालायची, कानसेन ऐकायचा आणि मान हलवायचा. "मावशी, म्हातारी झाली, पण आई नाही झाली."

तात्पुरती म्हणून जुन्या टेपवरची कुणाची तरी पावलं लावून ठेवायची, असा सगळीकडचा रिवाज. मावशीने ठाम नाही म्हटलं. "तिला उसनी पावलं नकोत. राहू दे तोवर मुकी." तिचा हट्ट कानसेनने ऐकला. सिनेमाची ती अर्धवट प्रत संगीतकाराकडे गेली. त्यात मुलाचे बूट वाजत होते, दूधवाल्याच्या किटल्या वाजत होत्या, नळ ठिबकत होता. एक आई तेवढी वाजत नव्हती. संगीतकाराला कुठे काय वाजवायचं ते कळावं म्हणून चित्राच्या खालच्या कडेला वेळेचे आकडे भराभरा पळत होते.

संगीतकाराला एक मेहुणा होता. अशा मेहुण्यांबद्दल जास्त सांगायला लागत नाही.

रविवारी दुपारी मावशी घरी आली तेव्हा पडदे ओढलेले होते. तिची थोरली बहीण अक्का टीव्हीसमोर बसलेली, शेजारच्या काकू तिच्या बाजूला, दोघींचे डोळे ओले. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. अक्काचा नवरा केव्हाच गेला होता आणि मावशीने लग्नाच्या भानगडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"ये गं, बस," अक्का म्हणाली. "छत्रीवाल्याने दिला. भुताचा सिनेमा आहे, पण भीती नाही वाटत. उलट बरं वाटतं."

मावशी बसली. पडद्यावर ओळखीची भिंत होती. ओळखीचा नळ ठिबकत होता, आणि ती टपटप तिनेच एका वाटीत बोट बुडवून केली होती. आपल्याच घरात पाहुणी म्हणून यावं, तसं तिला झालं.

"ती बघ, आई आली," काकू कुजबुजल्या. "मेलेली आहे ती. मुलाला दिसत नाही. पाय बघ, जमिनीला लागतात पण वाजत नाहीत. काय डोकं लावलंय!"

"आणि खालचे ते आकडे?" मावशीने कसंबसं विचारलं.

"ते तिचे राहिलेले क्षण. संपले की ती वर जाणार."

"मग दूधवाला कसा बोलतो तिच्याशी?"

"अगं, काही लोकांना दिसतात भुतं," काकू म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनासुद्धा दिसायची."

मग तो प्रसंग आला. मुलगा टेबलाशी एकटा जेवतोय, कॅमेरा त्याच्या तोंडावर, बराच वेळ. अक्काने रिमोट उचलला. "इथे काही नाहीये. नुसता जेवतो." तिने बटण दाबलं. मुलगा माकडासारखा भराभरा चार घास जेवला आणि उठला.

मावशी ताडकन उभी राहिली. "अक्का, ती मेलेली नाहीये!"

"तुला काय माहीत? तू आत्ता आलीस."

"ती चालतेय त्या घरात. जिवंत बाई आहे ती. मी... मी अजून चालले नाहीये गं!"

अक्काने आधी बहिणीकडे पाहिलं, मग सीडीच्या पिशवीकडे, आणि रिमोट हळूच टेबलावर ठेवला, जणू तो गरम होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत लांबू ट्रंकेवर बसला होता, गुडघे हनुवटीला लागलेले. सिनेमा गावभर झाला होता. बसमध्ये लोक त्याबद्दल बोलत होते. चहाच्या टपरीवर एकाने लांबूलाच शेवट सांगून टाकला होता. काचेजवळ वितरक उभा होता, गोरा, घामेजलेला, मनाने वाईट नसलेला माणूस.

"रडता कशाला?" तो म्हणत होता. "पाच-सहा महिने जाहिरात केली असती तरी एवढं नाव झालं नसतं. लोकांना भूत आवडलंय. आहे तसाच द्या. आई मुकीच ठेवा, मी तीन थिएटरं देतो. घरी पाहिलेलं भूत मोठ्या पडद्यावर बघायला येतील निम्मे तरी."

"आणि पावलं लावली तर?" कानसेनने विचारलं.

"तर एक थिएटर, दुपारचा एक खेळ, आणि तेही मी शब्द दिलाय म्हणून. लोक म्हणतील, आमचा सिनेमा बिघडवला. तुम्ही तिला जिवंत कशाला करता?"

"साहेब, बाई जिवंत आहे ही चूक, असं म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला," कानसेन म्हणाला.

वितरक गेल्यावर लांबू ट्रंकेची कडी उघडमीट करत राहिला. मग मावशीकडे न बघता म्हणाला, "मावशी, नका चालू."

तीस वर्षांत कुणी तिला नीट चाला म्हटलं होतं, हळू चाला म्हटलं होतं, रागात चाला म्हटलं होतं. नका चालू, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"तुझा सिनेमा आहे पोरा," ती म्हणाली. "पण मला एकदा चालू दे. तू ऐक. नको वाटलं तर पूस. पुसायला काय लागतं?"

"तुम्हालाच तर जमत नव्हतं."

"उद्या जमेल," असं ती म्हणून गेली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिला स्वप्न पडलं. आपलं लहानपणीचं घर, सगळी दारं उघडी, आणि आई खोल्याखोल्यांतून फिरतेय, पाण्यातल्या माशासारखी. मावशी मागून हाका मारतेय, पण तिचेही पाय वाजत नाहीत, म्हणून आईला कळत नाही की मागे कुणी आहे. अशा त्या दोघी, एकीमागे एक, त्या घरातून कितीतरी वेळ फिरत राहिल्या. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता आणि अक्का चहा गाळत होती.

"अक्का, आपली आई कशी चालायची गं?"

"कशी म्हणजे? माणसासारखी."

"तसं नाही. पाय कसा टाकायची?"

अक्काने गाळणी खाली ठेवली. "आई गेली तेव्हा तू फार लहान होतीस. बाबा रात्रपाळी करून यायचे, दिवसभर झोपायचे. घर केवढं, तर एवढं. त्यांची झोप मोडू नये म्हणून ती टाच टेकवायचीच नाही. आधी बोटं, मग जरा थांबायची, कानोसा घ्यायची, मग उरलेला पाय. बाबा गेले तरी तिची ती चाल गेली नाही. कुणी झोपलेलं नसायचं, तरी तशीच चालायची. मी चिडवायचे तिला, चोर आला, चोर आला म्हणून."

आणि अक्का, सत्तरीला आलेली, चहा तसाच टाकून ओट्यापासून दारापर्यंत चालून गेली. बोटं, कानोसा, पाय. दारात थांबली, आत कुणी झोपलंय का बघावं तशी मान वळवली, आणि परत आली. मावशीला वाटलं, अक्काच्या सपातांत दुसरंच कुणी उभं आहे.

मावशी इतके दिवस उलटीकडून जात होती. ऐकू यावीत म्हणून पावलं वाजवत होती. ती बाई तर आयुष्यभर ऐकू येऊ नये म्हणून चालली होती, आणि तरी येतच होती ऐकू. थोडी, कोपऱ्यातून, ज्याला ऐकायचं त्याला.

स्टुडिओत तिने ट्रंक उघडलीच नाही. अक्काच्या झिजलेल्या सपाता ती पिशवीतून घेऊन आली होती. दिवे गेले, पडद्यावर घर उमटलं. मावशीने डोळे अर्धे मिटले. आई स्वयंपाकघरातून निघाली, मावशी निघाली. बोटं, कानोसा, पाय. दिवा मालवला. बोटं, कानोसा, पाय. काचेपलीकडे कानसेनने हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले होते, पक्ष्याचं पिल्लू धरावं तसे. वेळ कुठे गेला कळलं नाही. मावशी नंतर सांगायची, त्या दिवशी मी चाललेच नाही, मला कुणीतरी चालवत होतं.

मग जेवणाचा प्रसंग आला. पडद्यावर मुलगा एकटा. आई चित्रात नाहीच. लांबूच्या कागदावर लिहिलेलं होतं: आई दारापर्यंत येते, थांबते, परत जाते. मावशी माइकपासून लांब, खोलीच्या पार टोकाशी गेली आणि तिथून आली. थांबली. सपातेतली बोटं जराशी हलली, काही बोलावं की बोलू नये अशी. मग ती परत गेली.

दिवे लागले. लांबू अजून पडद्याकडेच बघत होता.

"पुसू?" कानसेनने विचारलं.

"हा प्रसंग मी सगळ्यात आधी लिहिला होता," लांबू म्हणाला. "बाकीचा सिनेमा ह्याच्यासाठी. आणि सीडीवर सगळे हाच पुढे ढकलतात. माझ्या सख्ख्या भावाने ढकलला."

"ढकलणारच. त्यात होतं काय? एक माणूस जेवतो," कानसेन म्हणाला.

लांबू उठला, वाकला, तरी डोकं दाराला आपटलंच. "एक थिएटर तर एक थिएटर," तो म्हणाला. "मावशी, पुन्हा एकदा चालता? टेप करायचं म्हणून नाही. नुसतं ऐकायचंय."

शेवटच्या मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायच्या वेळी कानसेनने स्वतःच्या मनाने एक गोष्ट केली. थिएटरात मागच्या भिंतीवर स्पीकर असतात. एरवी त्यांतून वादळं आणि विमानं जातात. जेवणाच्या प्रसंगातली आईची पावलं त्याने फक्त तिथे ठेवली. लांबूला सांगितलंही नाही. "घरातल्या टीव्हीला पाठ नसते," एवढंच तो मावशीला म्हणाला.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी मावशी आणि अक्का तिकीट काढायला गेल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, हा छत्रीखाली मिळतो की. उगाच जिने कशाला चढता?"

"तिथे बसायला खुर्ची देत नाहीत," अक्का म्हणाली.

आत दात पडलेल्या तोंडासारख्या रांगा होत्या. इथे एक जोडपं, तिथे उन्हातून टेकायला आलेला पिशवीवाला, मागे कॉलेजातली दोन पोरं, कोपऱ्यात लांबू, खुर्चीत मावेनासा. पंखे फिरत होते. अंधार झाला, आणि त्या मोठ्या रिकाम्या खोलीत घर उमटलं, भिंतीएवढं. आई पहिल्यांदा चालली तसं मागून ऐकू आलं:

"अरे, हिचे पाय वाजतायत!"

"चुकीची कॉपी दिसतेय ही. ओरिजिनलमध्ये वाजत नाहीत."

"पैसे परत मागायचे का?"

अक्का मागे वळून बोलणार होती. मावशीने तिच्या मांडीवर हात ठेवला. अर्ध्यावर ती पोरं उठली. त्यांच्या खुर्च्या खाडखाड मिटल्या. ती बाहेरच्या वाटेला लागली तोच पडद्यावर मुलगा जेवायला बसला.

सिनेमागृहात शांतता झाली. मुलाने घास तोंडात घातला. आणि मागून, अगदी मागच्या दाराच्या बाजूने, कुणीतरी आलं. बोटं. कानोसा. पाय.

आधी जोडप्यातल्या बाईने वळून पाहिलं, उशिरा आलेल्याकडे पाहतात तसं. मग तिच्या नवऱ्याने. पिशवीवाला जागा होऊन वळला. वाटेत उभी असलेली पोरं वळली. अक्का खुर्चीची पाठ धरून वळली आणि तिच्या तोंडून निघालं, "आई?" कोपऱ्यात लांबूची लांब मान वळली. आणि मावशीला सगळं ठाऊक होतं, सपाता कुठल्या, बोटं किती हलवली, भिंतीवर स्पीकर कुठे आहे, तरी तीही वळली.

दारावरचा जाड पडदा किंचित हलत होता. तिथे कुणी नव्हतं.

सगळं सिनेमागृह मागे वळून बसलं होतं. एकटा पडद्यावरचा मुलगा तेवढा वळला नव्हता. तो जेवत होता.

पावलं थांबली, तशीच परत गेली. लोक हळूहळू पुढे वळले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. ती दोन पोरं जवळच्या रिकाम्या खुर्च्यांत बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. बाहेर पडताना एक म्हणाला, "आपल्या सीडीत हे नव्हतं रे."

"तुझा प्लेयर खराब असेल," दुसरा म्हणाला. पण जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी तिथे दुसरा सिनेमा लागला. इतक्या थोड्या लोकांसाठी पंखेसुद्धा परवडत नाहीत, असं व्यवस्थापक म्हणाला, आणि त्याचं खोटं नव्हतं.

वितरकाने पुढे लहान सिनेमे घेणं सोडलं. मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. संगीतकाराने मेहुण्याशी अबोला धरला, पण पहिली भाची झाल्यावर तो सुटला. छत्रीवाला काही वर्षांनी मोबाइलची कव्हरं विकायला लागला. त्याच छत्रीखाली. सीड्या कुणी घेईना म्हणून तो सिनेमावाल्यांपेक्षा जास्त हळहळायचा.

लांबूने दुसरा सिनेमा केला नाही. शिकवतो. त्याच्या सिनेमाची ती चोरटी प्रत अजून फिरते, आकड्यांसकट, आणि शहाणी माणसं तिच्याबद्दल लिहितात की आईला मुकी ठेवण्याचं धाडस विलक्षण आहे. सुरुवातीला तो चिडून समजावून सांगायचा. आता म्हणतो, "हो, बरेच जण तसं म्हणतात." खऱ्या सिनेमाच्या दोन प्रती होत्या. त्यातली एक, लॅब बंद पडली तेव्हा, कुठे गेली कळलं नाही. दुसरी लांबूच्या माळ्यावर डब्यातच चिकटून आंबली. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. ती आता कुठल्याच मशीनवर चालत नाही.

कानसेनला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्याला कुणी या सिनेमाबद्दल विचारलं तर तो सांगतो, की त्याने आयुष्यात एकदाच सगळं थिएटर मागे वळवलं. मग, किती लोक होते, असं विचारलं की विषय बदलतो.

अक्का पुढच्याच हिवाळ्यात गेली, झोपेत, कुणाला न कळता.

मावशी आहे. गुडघ्यांमुळे काम सुटलं. शुक्रवारी पहिल्या खेळाला ती अजून जाते, सिनेमा कुठलाही असो, जिना धरून धरून. मधल्या रांगेत बसते. बाजूची खुर्ची रिकामी असते तोवर तिच्यावर आपली पिशवी ठेवते, आणि कुणी आलं की लगेच ती उचलून मांडीवर घेते.